‘एक्स्प्रेशन’ : अभिव्यक्ती की निर्मिती?

प्रश्न : समुद्री अर्चिन या काटेरी, गोल सागरी प्राण्याच्या भ्रूणावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यातल्या ‘कोलॅजेन एक्स्प्रेशन’साठी (कोलॅजेन म्हणजे पेशींबाहेर आधाराचं जाळं विणणारं प्रथिन) मी ‘कोलॅजेनची निर्मिती’ लिहिलं. तपासणारे म्हणतात, ‘अभिव्यक्ती’ हवं. मला तो शब्द भाषणस्वातंत्र्याच्या चर्चेतला वाटतो. आणि ‘लार्व्हा’ला, म्हणजे भ्रूणानंतरच्या अवस्थेला, अळी म्हटलं तर?

उत्तर : तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. ‘व्यक्त’चा जुना जोडीदार ‘अव्यक्त’ आठवा. अव्यक्त म्हणजे नसलेलं नव्हे, असूनही प्रकट न झालेलं. कोलॅजेनचं जनुक भ्रूणाच्या प्रत्येक पेशीत असतं, पण ते व्यक्त होतं ठरावीक पेशींत, ठरावीक वेळी. इतका नेमका शब्द हाताशी असताना सोडू नये.

‘निर्मिती’ने अर्थही बिघडतो. अशा अभ्यासांत बऱ्याचदा मोजतात तो जनुकावरून उतरलेला आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल. त्यापुढे प्रथिन बनायचं, तीन साखळ्यांचा पीळ पडायचा, पेशीबाहेर त्याचे धागे एकमेकांना सांधले जायचे. ही सांधणी बीटा-अमायनोप्रोपिओनायट्राइल या रसायनाने रोखली की अर्चिनच्या भ्रूणाची वाढ आतडं आत वळण्याआधीच थबकते. रसायन धुऊन टाकलं की पुन्हा सुरू होते. कोलॅजेनचं जनुक व्यक्त झालं म्हणजे त्याचं जाळं विणून झालं असं नाही, हे यावरून कळतं.

मात्र ‘कोलॅजेनची अभिव्यक्ती’ही मला खटकते. कोलॅजेन हे प्रथिन. व्यक्त होतं ते जनुक. ‘कोलॅजेन-जनुकाची अभिव्यक्ती’ लिहा.

आणखी एक उत्तर : अळी नको. वाचकाला भाजीतली अळी दिसेल. अर्चिनचा लार्व्हा, म्हणजे प्लुटियस, पारदर्शक, लांब भुजांचा, पाण्यात तरंगणारा. विश्वकोशातला ‘डिंभ’ घ्या. गंमत पुढे आहे : या डिंभाच्या डाव्या बाजूला प्रौढ शरीराचा अंकुर वाढतो आणि रूपांतराच्या वेळी त्यातून मिलिमीटरहूनही लहान, पाच सारख्या भागांत रचलेला अर्चिन बाहेर येतो. त्या ‘जुव्हेनाइल’ला ‘बाल-अर्चिन’ म्हणावं. ‘किशोर’ म्हटलं की मिसरूड फुटलेला मुलगाच डोळ्यांपुढे येतो.

प्रश्नकर्ती : मग असं करते : ‘डिंभात आणि बाल-अर्चिनमध्ये कोलॅजेनची जनुकं कोणत्या पेशींत व्यक्त होतात’.

उत्तर : उत्तम. नाम सोडून क्रियापद घेतलंत, त्यामुळे अभिव्यक्तीचा अडथळाच गेला. फक्त सुरुवातीला ‘भ्रूणात’ घाला, तो टप्पा राहिलाय.