मोत्यांच्या नथीला मॅजिक वाँड पुरत नाही

विकायच्या वस्तूचा पांढऱ्या कागदावर फोटो काढला की फोटोशॉपच्या मॅजिक वाँडने, म्हणजे सारख्या रंगाचा भाग निवडणाऱ्या टूलने, एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड जातं, असं सांगितलं जातं. पुस्तक किंवा रंगीत खोकं असेल तर मान्य. पण मी बहिणीच्या दागिन्यांचे फोटो करते, आणि मोत्यांच्या नथीला हे अजिबात चालत नाही. वाँड फक्त रंग किती जवळचा आहे तेवढंच बघतं. टॉलरन्स, म्हणजे रंगातला किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, नेहमीच्या 32 वर असला की मोत्याची उजळ कड कागदासोबतच उडते आणि मोती उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. कमी केला तर सावलीचे ठिपके मागे राहतात. अशा वस्तूला फिकट करड्या कागदावर ठेवा आणि फोटोशॉपमध्ये पेन टूलने पाथ, म्हणजे वस्तूच्या कडेने जाणारी रेघ, काढा. रेघ कडेच्या किंचित आतून न्यायची, म्हणजे कागदाच्या रंगाची किनार येत नाही. नथीच्या आतल्या मोकळ्या जागेला वेगळा पाथ लागतो, तो हमखास विसरला जातो. मग पाथचं सिलेक्शन करून फेदर (कड मऊ करणारी सेटिंग) अर्धा पिक्सेल द्या आणि बॅकग्राउंड डिलीट न करता लेयर मास्क लावा, त्याने तो भाग पुसला न जाता फक्त झाकला जातो. कड नंतर कधीही दुरुस्त करता येते.

आणखी एक, जेपीजीमध्ये पारदर्शकता टिकत नाही, त्यामुळे कापलेला फोटो पीएनजीमध्येच ठेवा. अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोला मात्र मागे शुद्ध पांढराच लागतो, आरजीबी 255, 255, 255, आणि वस्तूने चौकटीचा किमान 85 टक्के भाग व्यापावा लागतो. तिथे खाली पांढरा लेयर भरून जेपीजी केलेलं चालतं.