एकाच ड्रॉइंगवरून शिवलेली ए-टू जॅकेटे एकमेकांपासून वेगळी का दिसतात?

प्रश्न

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने जुन्या बाजारातून दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी वैमानिकांचे ए-टू प्रकारचे चामडी जॅकेट घेतले आहे. मानेमागच्या लेबलावर ‘ड्रॉइंग नं. ३०-१४१५’ (लष्कराच्या आराखड्याचा क्रमांक) असे असून खाली मिडलटाउन, पेनसिल्व्हेनिया येथील रफ वेअर क्लोदिंग कंपनीचे नाव आहे. त्याच्या मित्राकडच्या एअरो लेदर या दुसऱ्या कंपनीच्या जॅकेटावरही हाच ड्रॉइंग नंबर आहे. मात्र कॉलरची टोके आणि खिशांच्या झाकणांचा आकार दोन्हींत जुळत नाही. तेवढ्यावरून एका विक्रेत्याने पुतण्याचे जॅकेट नक्कल ठरवले. या म्हणण्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद १

केवळ आकारातल्या फरकावरून ते नक्कल ठरत नाही. अमेरिकी लष्कराच्या एअर कोअर या हवाई शाखेने ९ मे १९३१ रोजी ए-टू प्रमाणित केले, तेव्हा समोर चेन, झाकणाचे दोन खिसे, कॉलरच्या टोकांखाली लपलेली टिचबटणे, खांद्यांवर पट्ट्या, मनगटाला व कमरेला लोकरी विणीची पट्टी, ही रचना ठरली. पण ज्या कारखान्याला कंत्राट मिळे, तो माल आपल्याच बेतावर कापत असे. कारखान्यांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येईल: न्यूबर्गची पेरी स्पोर्ट्सवेअर, लिनची स्टार स्पोर्ट्सवेअर, बॉस्टनची केबल रेनकोट. खेळाचे कपडे आणि रेनकोट शिवणाऱ्या या मंडळींचे कापणारे हात आधीच एका वळणाला बसलेले होते. म्हणूनच जाणकार संग्राहक लेबल न पाहताही कॉलर आणि खिसा पाहून पुष्कळदा कंत्राटदार ओळखतात, आणि मला तर या जॅकेटांचे खरे सौंदर्य याच फरकात दिसते.

प्रतिसाद २

मी धारावीत गेली बावीस वर्षे चामड्याच्या कामात आहे, म्हणून कापण्याबद्दल थोडे लिहितो. कापडाचे पन्नास थर एकावर एक रचून एका दमात कापता येतात. कातड्याचे तसे करता येत नाही, कारण प्रत्येक कातड्यावर ओरखडे, किड्यांच्या चाव्यांचे डाग आणि पोटाकडचा ढिला भाग वेगवेगळ्या जागी असतो, आणि कापणाऱ्याला तो चुकवत एकेक तुकडा मांडावा लागतो. त्यात ए-टूची पाठ अखंड, एकाच तुकड्याची. घोड्याच्या कातड्यातून एवढा निर्दोष तुकडा काढायचा म्हणजे बाकीचे कातडे बाह्या, खिसे आणि पट्ट्यांत जिरवावे लागते. आजचा स्वस्त माल पाठीला जोड देतो तो याच खर्चापायी. आपल्या पुतण्याला पाठीवर हात फिरवून पाहायला सांगा. मधोमध उभी शिवण लागली, तर ते जॅकेट या ड्रॉइंगचे नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही उत्तरे पटली. फक्त एक सावधगिरी सुचवतो. लेबल हा पुरावा मानू नये. जपानमधील आणि ब्रिटनमधील कारखाने आज एकेका कंत्राटाची हुबेहूब प्रतिकृती जुन्या लेबलासकट शिवतात आणि उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकतात. पण दोन-तीन हात बदलले की ही माहिती गळून पडते. स्कॉटलंडमध्ये तर एअरो लेदर याच नावाचा आजचा कारखाना आहे, तेव्हा मित्राचे जॅकेटही तपासावे. अमेरिकी लष्करी हवाई दलाचे प्रमुख जनरल हेन्री अर्नोल्ड यांनी १९४३मध्ये चामडी जॅकेटांऐवजी कापडी जॅकेटांची वाट धरली आणि नवी कंत्राटे थांबली. म्हणून अस्सल नगाच्या अस्तराची व शिलाईच्या दोऱ्याची झीज ऐंशी वर्षांची दिसली पाहिजे. मनगटाच्या पट्ट्या नव्या असल्या तरी बिघडत नाही. त्या लवकर विटतात आणि बदलल्या जातात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. पुतण्याने आताच कळवले की पाठ अखंड आहे, अस्तर काखेत विरले आहे आणि डाव्या मनगटाची पट्टी उजवीपेक्षा गडद आहे. चेनच्या फितीचे आणि आतल्या शिलाईचे जवळून काढलेले फोटो तो उद्या पाठवणार आहे. आले की येथे देतो.