मागच्या चाकाचा कॅलिपर जाम झाला आहे. घरी खोलून साफ करावा का?

जांबोटी_वाट:
सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ राहतो. माझी सेडान १२ वर्षांची असून तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि हँडब्रेकची केबल मागच्या कॅलिपरलाच (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) जोडलेली आहे. यंदाच्या पावसात गाडी सुमारे तीन आठवडे हँडब्रेक ओढून पत्र्याच्या शेडखाली उभी होती. त्यानंतर बेळगावला निघालो, तर पिरनवाडी ओलांडेपर्यंत मागून जळका वास येऊ लागला. थांबून पाहिले तेव्हा डाव्या मागच्या चाकाची रिम हात लावता येणार नाही इतकी तापली होती आणि उजवी मात्र जेमतेम कोमट होती.

मेस्त्रींनी दोन्ही कॅलिपर नवीन घालावे लागतील असे सांगितले आहे. आमच्या काकांचे म्हणणे असे, की रॉकेल सोडून हातोडीने चार ठोके दिले की सुटेल. माझ्याकडे जॅक, दोन स्टँड, पान्यांचा संच आणि सुताराचा सी-क्लॅम्प आहे. शिवाय ट्रॅक्टरच्या ग्रीसचा अर्धा डबा पडून आहे. पुढच्या चाकांचे पॅड मी पूर्वी स्वतः बदललेले आहेत. हे काम घरी करणे शहाणपणाचे ठरेल का, आणि कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन क्लॅम्पने दाबला तर चालेल का?

उद्यमबाग_फिटर:
नमस्कार. पुढचे पॅड आपण बदलले आहेत, म्हणजे हात बसलेला आहे. पण मागचे काम त्याच पद्धतीने करू गेलात तर नुकसान होईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ज्या कॅलिपरमधून हँडब्रेकही चालतो, त्याच्या पिस्टनच्या आत आट्यांची एक यंत्रणा असते आणि पॅड झिजत जातील तसतसा ती पिस्टन पुढे सरकवून ठेवते. असा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही. तो दाब देत देत फिरवावा लागतो. बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, परंतु काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो, म्हणून गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहूनच हात घालावा. सी-क्लॅम्पने जोर लावला तर आतली यंत्रणा मोडते आणि मग मेस्त्रींचे म्हणणे खरे होते. पिस्टन फिरवण्याचे हत्यार फार महाग नसते, ते आणावे. ज्यांच्या गाडीत हँडब्रेक बटणावर चालतो, त्यांनी मात्र सर्व्हिस मोड लावल्याशिवाय या पिस्टनला हातच लावू नये.

तथापि खोलण्यापूर्वी चाक नेमके कोणी धरून ठेवले आहे ते शोधावे. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवावी (नुसत्या जॅकवर कधीही नाही) आणि हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवून पाहावे. फिरत नसेल तर कॅलिपरवरच्या लिव्हरमधून केबल काढावी. तेवढ्याने चाक मोकळे झाले तर दोष केबलचा आहे. केबल काढूनही लिव्हर आपल्या टेकूपर्यंत मागे येत नसेल, तर लिव्हरचा दांडा कॅलिपरमध्ये गंजला आहे. लिव्हर पूर्ण मागे असूनही चाक जड असेल, तर कॅलिपरवरच्या निपलला (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर सोडण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडावी आणि निपल किंचित सैल करावे. ब्रेक ऑइल जोराने बाहेर येऊन चाक सुटले, तर दाब आत अडकून राहत होता आणि संशय कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणाऱ्या रबरी होजवर घ्यावा लागेल. जुना होज आतून फुगला की पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परंतु परत येत नाही. यांपैकी काहीच नसेल, तेव्हा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना आणि पिस्टन उरतात. पॅड एका टोकाला तिरका झिजला असेल, तर बहुधा एक पिन जाम आहे.

पिना बाहेर काढून पितळी ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने स्वच्छ कराव्यात. गंजाने खड्डे पडले असतील तर नव्याच घ्याव्यात. आमच्या उद्यमबागेत लेथवर हुबेहूब पिन करून देणारे पुष्कळ आहेत आणि मी स्वतः त्यांच्यातलाच आहे, पण ब्रेकसाठी अशी पिन मी करून देत नाही. रॉकेल, डिझेल आणि ट्रॅक्टरचे ग्रीस यांचा स्पर्शही नको. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात आणि आज सुटलेली पिन दोन महिन्यांत पुन्हा अडकते. पिनांसाठी असलेले सिलिकॉन किंवा सिंथेटिक ब्रेक ग्रीसच वापरावे आणि तेही पातळ थर देऊन, कारण खोबण ग्रीसने भरून टाकली तर हवा कोंडून पिन आत बसत नाही. हातोडीबद्दल काकांना माझा नमस्कार सांगावा.

आणखी दोन गोष्टी विसरू नयेत. सुटलेला कॅलिपर होजवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधावा. तसेच पिस्टनच्या तोंडावरची खाच पॅडच्या पाठीवरील खुंटीसमोर आणावी लागते; ती चुकली की पॅड तिरका बसतो.

स्तवनिधी_घाट:
मी निपाणीचा. वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. पिस्टन आत जाताना टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी चढते. टाकी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ऑइल बाहेर येऊन बॉनेटखालचा रंग उतरवते. माझ्या गाडीवर तो डाग अजून आहे. सांडलेच तर लगेच भरपूर पाणी ओतावे. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक ओढू नये. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

जांबोटी_वाट:
दोघांचेही आभार. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत हेच काम चालले होते.

डाव्या बाजूची केबल काढली, तरी लिव्हर टेकूपासून बोटभर दूरच राहिला. खालच्या पिनेचा रबरी बूट फाटलेला निघाला आणि आत आमच्याकडची तांबडी माती अक्षरशः विटेसारखी घट्ट झाली होती. ती पिन पक्कडीने मागेपुढे फिरवत काढायला पाऊण तास लागला. वरची पिन सहज आली. लिव्हर हाताने दहा-पंधरा वेळा हलवल्यावर थोडा सैल झाला, परंतु सोडला की पुन्हा अर्ध्यावरच थांबत होता. उजव्या बाजूचा लिव्हर व्यवस्थित मागे येतो, पिना कोरड्या होत्या, गंज नव्हता. उजवीकडे नवे बूट घालून आणि ग्रीस लावून पूर्ण जोडणी केली आहे. डावीकडचा लिव्हर असाच वापरात ठेवावा का?

उद्यमबाग_फिटर:
ठेवू नये. दांडा गंजला म्हणजे त्याच्या सीलमधून पाणी आत गेले आहे. तेल सोडून तो आज हलेल, पण पुढच्या पावसात पुन्हा धरेल, आणि त्या सीलमधून ऑइल गळू लागले तर ब्रेकच जाईल. डावा कॅलिपर नवीन घ्यावा, उजव्याला काहीही करण्याची गरज नाही. मेस्त्रींचे निम्मे बरोबर होते. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

नवीन कॅलिपरसाठी होज सोडावा लागेल, म्हणून होजच्या टोकाच्या तांब्याच्या वॉशर नव्या घ्याव्यात आणि नंतर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली एअर (हवा) काढावी. ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलेच घ्यावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. चोर्ला घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. हँडब्रेकची केबल जोडण्याआधी पेडल बरेच वेळा दाबून पिस्टन पॅडला भिडवावा आणि दोन्ही लिव्हर टेकूवर आहेत हे पाहूनच केबलचा ताण ठरवावा. आधी केबल ताणली तर आतली यंत्रणा स्वतःला जुळवून घेऊ शकत नाही आणि चाक पुन्हा तापते.

जांबोटी_वाट:
काल डावा कॅलिपर बसवला. एअर काढताना पेडलवर मुलगी होती आणि निपलवर मी. पेडल घट्ट झाल्यावर आधी अंगणातच गाडी पुढेमागे करून ब्रेक लागतो याची खात्री केली आणि मग कणकुंबीपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर दोन्ही मागच्या रिमांना हात लावून पाहिला. दोन्ही सारख्याच कोमट होत्या. काकांनीही हात लावून पाहिला आणि ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा परत नेला.