मदत हवी आहे : अंटार्क्टिकाचा बर्फ वाढतोय की घटतोय, हे नववीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी नववीला विज्ञान शिकवते. परवा एका मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने बातमी उतरवून आणली : ‘अंटार्क्टिकाचा बर्फ वाढतोय, नासाचा अभ्यास.’ बाई, मग खरं काय?

बातमी खोटी नाही. २०१५ साली तसा अभ्यास आला होता, उपग्रहांनी बर्फाची उंची मोजून. पण ग्रेस उपग्रहांच्या जोडीने २००२ ते २०१७ आणि पुढे तिच्या जागी आलेल्या जोडीने गुरुत्वाकर्षणातला बदल टिपला, म्हणजे बर्फाच्या वजनातला बदल, त्यात उलटं दिसतं : वर्षाला साधारण १५० अब्ज टन घट. ग्रीनलंडमध्ये त्याहून जास्त. समुद्रावर तरंगणारा बर्फ वेगळा, हे पेल्यात बर्फाचा खडा टाकून दाखवलं. तो वितळला तरी पाणी चढलं नाही, मुलं खूश!

माझं अडलंय पुढे. उंची वाढली ती भुसभुशीत हिमाने की घट्ट बर्फाने, यावर वजनाचा सगळा हिशोब बदलतो. शिवाय जुन्या बर्फाचं ओझं कमी झाल्याने खालची जमीन अजूनही हळूहळू वर येते, तेही वजा करावं लागतं. हे दोन मुद्दे वर्गात दाखवता येतील असा साधा प्रयोग कुणी केलाय का? पहिल्यासाठी कापूस आणि तराजू घ्यायचा विचार आहे. जमिनीचं मात्र काहीच सुचत नाहीये. बुधवारी तास आहे.