अनुभव धागा: गेटवर कोरोना लसीचं सर्टिफिकेट तपासताना काय घडलं?

न्यूयॉर्कमध्ये डिजिटल आरोग्य पास आधी फेब्रुवारी-मार्च 2021 मध्ये बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या सामन्यांना वापरून पाहिला, मग सर्वांसाठी खुला केला. आपल्याकडे 27 नोव्हेंबर 2021 ला राज्य सरकारचा आदेश निघाला. तिकिटाचा असो वा बिनतिकिटाचा, कार्यक्रमाला येणाऱ्याचे दोन्ही डोस पूर्ण हवेत, आणि पुरावा म्हणून युनिव्हर्सल पास (दोन डोसवाल्यांसाठीचा राज्याचा डिजिटल पास) किंवा ओळखपत्रासोबत कोविनचं, म्हणजे केंद्राच्या लसनोंदणी पोर्टलचं सर्टिफिकेट. मराठवाड्यात याची खरी परीक्षा झाली ती थेट गेटवर, रांगेतल्या माणसांच्या जिवावर. असा पास पुन्हा कधी आला तर तो आधी तालुक्याच्या गावी वापरून बघायला हवा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. चांगलं-वाईट जे घडलं ते लिहा, फक्त संस्थांची नावं नकोत.

नांदेड, हौशी नाटकवाले
आमच्या प्रयोगाला गेटवर मीच उभा होतो. आदल्या संध्याकाळी आम्ही आपल्याच पोरांची सर्टिफिकेटं स्कॅन करून पाहिली, तेव्हा सगळं सुरळीत झालं. प्रयोगाच्या दिवशी मात्र लोक लॅमिनेशन केलेले कागद घेऊन आले. वर हॅलोजन, त्याची चमक नेमकी क्यूआरवर. कोड काही उचलेना. मग एका पोराने कागदावर हाताची सावली धरायची आणि दुसऱ्याने मोबाइल तिरका करायचा, अशी जोडी लावली. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर चौकोनातले ठिपके एकमेकांत मिसळलेले, तिथे काहीच चालत नव्हतं. शिवाय व्हरांड्यात नेट नाही, म्हणून टेबल बाहेर झाडाखाली आणलं. कोड वाचला गेला की नाव पडद्यावर यायचं, पण ते ओळखपत्राशी कुणी ताडून पाहायचं? गर्दी वाढली की ते पहिल्यांदा सुटतं. माझं ठाम मत आहे की स्कॅन करणारा एक आणि चेहरा बघणारा दुसरा, असे दोघं नसतील तर ती तपासणीच नव्हे.

बीड जिल्हा, आशा कार्यकर्ती
मी सांगते ते ऊसतोडीच्या लोकांचं. आमच्या गावात बऱ्याच जणांनी पहिला डोस सप्टेंबरात घेतला. कोविशील्डचं अंतर 84 दिवसांचं, म्हणजे दुसरा डोस येणार डिसेंबरात, आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यावर गेलेल्या. तिकडे लस मिळाली, पण नोंद झाली मुकादमाच्या नंबरावर. मग एकाच माणसाच्या नावावर पहिल्याच डोसची दोन सर्टिफिकेटं तयार! दोन्ही टोचून घेतलेला माणूस कागदावर अर्धवटच राहिला. गावाकडच्या लग्नाला आलेल्या अशा एका जोडप्याला कार्यालयाच्या दारात थांबवलं. नवरीची सख्खी मावशी होती ती. मी तिथेच होते म्हणून बोलून आत घेतलं. पुढे कोविनवर अशी दोन सर्टिफिकेटं एकत्र करायची सोय आली, तेव्हा मी बसून कित्येकांची जोडून दिली.

नंबराचा घोळही फार. तेव्हा एका मोबाइलवर चारच जणांची नोंद व्हायची, जानेवारी 2022 मध्ये सहा झाली. घरात फोन एक, माणसं आठ. मग शेजाऱ्याचा नंबर, दुकानदाराचा नंबर, नाहीतर माझा. माणूस गेटवर उभा आणि ओटीपी माझ्या फोनवर, मी गरोदर बाईच्या घरी. ज्याच्या हातात स्वतःचा फोन नाही त्याच्यासाठी दारावर कागद चाललाच पाहिजे. याच्यावर मी कुणाशीही वाद घालीन.

वेरूळ परिसर, गाइड
आमच्याकडे हे राज्याच्या आदेशाआधीच सुरू झालं. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लसीकरण मागे होतं म्हणून नोव्हेंबर 2021 मध्येच किमान एका डोसचा पुरावा पेट्रोल, गॅस, रेशन आणि लेण्यांच्या तिकिटालाही लावला. पर्यटकांना त्याचं काही वाटलं नाही, ते विमानतळापासूनच दाखवत आलेले असायचे. अडचण आमच्याच लोकांची. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यांत लसीच्या रांगा वाढलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. तरी रेशनला अट लावायला नको होती. लेणी पाहणं राहिलं तर चालतं, धान्य राहून चालत नाही.

परभणी, शिक्षिका
एका व्याख्यानाच्या दारात स्वयंसेवकाने माझ्या सर्टिफिकेटचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये काढला. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डसाठी." त्या कागदावर माझं नाव, वय, ओळखपत्राचे शेवटचे आकडे. मी तो त्याच्यासमोर डिलीट करायला लावला. मागच्या बायका काही बोलल्या नाहीत, पण मग त्यांनीही कागद लांबूनच दाखवला. जून 2023 मध्ये कोविनवरची माहिती टेलिग्रामच्या बॉटवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. सरकारने पोर्टल सुरक्षित असल्याचं सांगितलं, पण मला तो दरवाजा आठवला. तपासा, साठवू नका, एवढंच माझं म्हणणं.

लातूर, डायलिसिसवरच्या आईचा मुलगा
वरच्या सगळ्यांची तक्रार खरी आहे, तरी माझी बाजू वेगळी. डायलिसिस सोडलं तर आई जवळजवळ दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. डिसेंबरात नातेवाइकांकडच्या कीर्तनाला दारावर तपासणी आहे म्हटल्यावर ती तयार झाली, आणि शेवटपर्यंत बसली. जानेवारीत ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराची लाट आली, दोन डोसवाल्यांनाही लागण झाली, तेव्हा कळलं की पास म्हणजे आतल्या कुणाला लागण नाही याची हमी नव्हे. आजार अंगावर आला तर बळावू नये, यासाठी लस. हे दारावर कुणी समजावून सांगितलं नाही. 1 एप्रिल 2022 ला निर्बंध उठले आणि त्याच महिन्यात उदगीरला साहित्य संमेलन झालं. तिला जायचं होतं, पण तिथली गर्दी ऐकून मी नको म्हटलं.

धाराशिव, मंडपवाले
नांदेडकरांना एक सुचवतो. हॅलोजन गेटच्या समोर लावू नका, बाजूला लावा, म्हणजे लॅमिनेशन चमकत नाही. आणि ज्याचा कोड वाचला जात नाही त्याच्यासाठी वेगळं टेबल, खुर्ची आणि पाणी ठेवा, रांग तुंबत नाही. आम्ही तसंच केलं होतं.