चिखलदऱ्याला लग्न, बजेट सहा लाख. गावाला कसं जेवू घालू?

वावरवाला_दारव्हा:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. सहा एकर कोरडवाहू, पराटी (कपाशी) अन् तूर. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, त्यामुळे धाकट्या बहिणीच्या लग्नाचं सगळं माझ्याकडे आहे. ती पुण्यात नोकरीला, मुलगाही तिकडचाच. साक्षगंध (साखरपुडा) झालं. इवाई (व्याही) चांगले आहेत, हुंड्याचा शब्द काढला नाही, खर्च अर्धा-अर्धा म्हणाले. पोरांची हौस एकच, लग्न चिखलदऱ्याला रिसॉर्टवर. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, शनिवार-रविवार.

रिसॉर्टवाल्याचा हिशोब दीडशे माणसांचा आहे. 40 खोल्या, 3,500 रुपयांनी दोन दिवस, म्हणजे 2,80,000. जेवण-नाश्ता माणशी 1,800, ते 2,70,000. स्टेज, फुलं, लॉन 1,50,000. एकूण सात लाख, आमच्या वाट्याला साडेतीन. कपडे-आहेर 80,000, गाड्या 60,000 धरल्या. माझ्याजवळ सहा लाख जमतात: बाबांची एफडी अडीच, बहिणीचे दीड, अन् घरातला 25 क्विंटल कापूस. यंदा, 2025-26 ला, लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 आहे, पण ओल अन् प्रत पाहून किती हाती पडेल तेव्हा खरं. खेडा खरेदीवाला तर दारात येऊन 7,000 च म्हणतो.

पैशापेक्षा जास्त घोर दुसराच आहे. 2011 ला मोठ्या बहिणीचं लग्न घरासमोरच्या मांडवात झालं. त्याची आहेराची वही बाबांनी पेटीत जपली होती, ती परवा काढली. निळ्या शाईत 312 नावं. कोणाचे 21, कोणाचे 51, कोणाचा स्टीलचा डबा. एका नावापुढे बाबांनी लिहिलं आहे, 'गहू 1 पोतं, पैसे घेतले नाहीत', अन् खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तो बुढा आता ऐंशीच्या घरात. गुडघे गेले. गावाहून अमरावती, मग परतवाडा, मग घाट, असा पाच तासांचा रस्ता त्याला झेपणार नाही. दीडशेच्या यादीत त्याला घालू तरी कसा अन् काढू तरी कसा? गावाला चूलबंद आवतण, म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलावणं, द्यायचं तर सहाशे पानं होतात. बहिणीला अजून यातला एकही आकडा सांगितला नाही. तिला वाईट वाटेल. काय करू?

आर्वीची_ताई:
भाऊ, माझ्या लेकीचं लग्न पेंचजवळच्या एका रिसॉर्टवर केलं, म्हणून अनुभवाचं सांगते. सगळ्यात आधी, कोटेशनमध्ये कर धरला आहे का विचारा. लॉनच्या भाड्यावर अन् सजावटीवर 18 टक्के लागतो. आम्ही विचारलं नाही अन् शेवटच्या बिलात तो अंगावर आला. दुसरं म्हणजे पानांचा हिशोब. आमची 120 पानं ठरली, जेवली 162. ड्रायव्हर, फोटोवाले, बँडवाले, मेकअपवाली, ही माणसं यादीत कोणी लिहितच नाही. अन् खोल्या किती वाजता रिकाम्या करायच्या ते पाहा. मुहूर्त दुपारचा अन् खोली सकाळी 11 ला सोडायची, असं झालं तर पुढच्या दिवसाचं भाडं भरावं लागतं. डीजे रात्री 10 ला बंद होणार हे पोरांना आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी चेहरे उतरतात. वयस्कांना लॉनजवळच्या, तळमजल्यावरच्या खोल्या मागा. फेब्रुवारीत तिथे रात्री चांगलाच गारठा असतो, ब्लँकेट जास्तीचे लिहून घ्या.

बिछायतवाला_दर्यापूर:
दादा, शनिवार-रविवार सोडा. चिखलदऱ्याला खरी गर्दी पावसाळ्यात. फेब्रुवारीतल्या मंगळवार-बुधवारी खोल्या रिकाम्या असतात, समोर बसून भाव करा. इसार देण्याआधी सगळं कागदावर घ्या, जनरेटरचं डिझेल कोणाचं हेसुद्धा.

गावजेवण हळदीच्या दिवशी घरीच करा. कॅटररला पानावर देऊ नका, आचारी मजुरीवर लावा अन् किराणा आपला भरा. आमचा अंदाज शंभर माणसांना 10 किलो तांदूळ, 4 किलो डाळ. सहाशेला 60 अन् 24. तूर तेव्हा घरात आलेलीच असते, दालमिलवर नेऊन भरडून घ्या. वरण-भात, पोळी, आलू-वांगं, बुंदी, मठ्ठा. लोक पोटभर जेवतात. गाडीसाठी एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची चौकशी करा, भाडं किलोमीटरवर असतं.

अन् एक, पीककर्ज फेडायचा पैसा यात ओढू नका. मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. चुकलं की ती सवलत जाते.

एक_नवरी:
दादा, मी तुमच्या बहिणीच्या जागेवर होते. माझ्या भावानेही मला आकडा सांगितला नव्हता. लग्न फार सुंदर झालं. दोन वर्षांनी माहेरी गेले तर गोठ्यात बैल नव्हते. विचारलं तर म्हणे, ट्रॅक्टर भाड्याने परवडतो. आईने मागाहून खरं सांगितलं. त्या लग्नाचा अल्बम मी नंतर उघडला नाही. तुम्ही तिला आजच फोन करा. वाईट वाटेल ते आत्ता वाटू द्या.

वावरवाला_दारव्हा:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमची 162 पानं वाचून मी यादी पुन्हा लिहिली.

बहिणीला काल रात्री फोन केला. आकडे वाचून दाखवले. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, दादा, वहीचा फोटो पाठव. पाठवला. अर्ध्या तासाने तिनंच सांगितलं, संगीत नको, फुलांची कमान नको, हळद गावातच लागेल, आपल्या मांडवात. त्याच दिवशी गावजेवण. चिखलदऱ्याला दोन्हीकडचे मिळून नव्वद माणसं, बुधवारचं लग्न. इवायांशी मुलगा बोलला, ते लगेच हो म्हणाले. वर म्हणाले, हळदीला आम्ही पण येतो, आमच्याकडे असं जेवण आता राहिलं नाही.

रिसॉर्टवाला 2,800 वर आला. 24 खोल्या दोन दिवस 1,34,400, जेवण 1,62,000, सजावट 60,000. एकूण 3,56,400, आमचे 1,78,200. कराचे 25,000 बाजूला ठेवले. पीककर्जाला हात लागत नाही, अन् कापूस घाईत 7,000 ने काढायची गरज उरली नाही. सध्या समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला आहे, पोरगा त्यावरच झोपतो.

बुढ्याकडे आज जाऊन आलो. हळदीचं आवतण तोंडी दिलं, अक्षता ठेवल्या. त्याने विचारलं, गहू लागेल का? मी म्हटलं, काकाजी, यंदा तुम्ही फक्त जेवायला या, पहिल्या पंगतीत.

दर्यापूरचे भाऊ, बुंदीला शंभर माणसांमागे बेसन किती धरू तेवढं सांगा. सोमवारी आगारात जातो, भाडं कळलं की इथे टाकतो.