मदत हवी आहे: एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) झिजलेत, सिलिंडर हेड न बिघडवता बदलायचे कसे?

पाना_बारा:
चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, अ‍ॅल्युमिनियम हेड, १६ व्हॉल्व्ह. रात्रभर उभी राहून सकाळी चालू केली की निळा धूर. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की पुन्हा तेच. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आणि चांगलं. हेड उतरवलंय. सर्वांत वाईट एक्झॉस्ट गाईड दोन्ही तोंडांशी ५.६० मि.मी., मधे ५.५२, स्टेम (व्हॉल्व्हची दांडी) ५.४५. नव्या गाईडचा बाहेरचा व्यास ११.०४. नुसते सील (गाईडच्या तोंडावर तेल अडवणारे) बदलून भागेल का? गाईड हातोड्याने काढले तर? हेड किती तापवू? आणि शेवटी व्हॉल्व्ह पेस्टने घासले की पुरे ना?

रीमरवाला:
सीलने भागणार नाही. तोंडाशी ०.१५ चा प्ले (मोकळी फट) आहे. एक्झॉस्टला साधारण ०.०४ ते ०.०६ हवा. इतका हलणारा स्टेम नवं सीलही थोड्याच दिवसांत रुंद करतो. स्टेम तीन-चार जागी मोजा. तोही उतरला असेल तर नव्या गाईडमध्ये जुना व्हॉल्व्ह घालण्यात अर्थ नाही.

काढण्याआधी प्रत्येक गाईड हेडच्या वर किती निघालाय ते मोजून लिहून ठेवा. नवा तेवढाच ठेवायचा. जास्त वर राहिला तर रिटेनर (व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची वरची टोपी) सीलवर आपटतो. पोर्टमधल्या टोकावरचा कार्बन आधी पूर्ण खरवडा. गाईड कॅमच्या बाजूला निघतो, म्हणजे ते टोक अख्ख्या भोकातून जातं आणि कार्बन असला तर भोकाला ओरखडे पाडतं. असं झालंच तर ओव्हरसाइज गाईड लागतो.

हेड ओव्हनमध्ये अख्खं १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी नको, वाकतं. फार तापवलं तर सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी) सैल होऊन निघू शकते. नवे गाईड रात्रभर फ्रीझरमध्ये. मात्र यानेही गाईड आपोआप उतरेल असं समजू नका: ११ मि.मी.चं भोक १०० अंशांनी जेमतेम ०.०२५ ने वाढतं, पकड (गाईड भोकापेक्षा जितका जाड) ०.०४ च्या आसपास असते. जोर लागणारच. प्रेस असेल तर उत्तम. हातोडाच असेल तर पायरीचा ड्रिफ्ट (ठोकायची सळई) हवा, ज्याचं टोक गाईडमध्ये सरळ बसेल. साध्या सळईने तोंड फुलतं आणि मग तो गाईड भोक फाडतच बाहेर येतो.

बसवल्यावर आतलं भोक आवळतं, म्हणून ५.५ चा रीमर (भोक मापात कापणारं हत्यार). एकाच दिशेने फिरवा, बाहेर काढतानाही त्याच दिशेने. उलटा फिरवला की कीस अडकून रेघ पडते. मग पोर्टमधून कीस पूर्ण झाडा.

लेथ_आणि_लॅप:
शेवटच्या प्रश्नाला साफ नाही. नव्या गाईडचा मध्य जुन्या सीटच्या मध्याशी जुळत नाही, थोडा तरी सरकतोच. पेस्ट ही चूक काढत नाही, झाकते. व्हॉल्व्ह एका बाजूला टेकत राहतो आणि तिथेच जळतो. गाईडमध्ये पायलट (कटर मधोमध धरणारी दांडी) घालून सीट ४५ अंशांत कट करा, वर ३० आणि खाली ६० ने रुंदी १.२ ते १.५ मि.मी. वर आणा. निळा रंग लावून तपासा, सलग गोल उमटला पाहिजे. त्यानंतर पेस्ट हवी तर हलकीशी.

पाना_बारा:
म्हणजे सीट कट झाली की व्हॉल्व्ह वर सरकेल. टॅपेट शिमचे आहेत, म्हणजे कॅमशी असलेली फट (क्लिअरन्स) चकतीच्या जाडीने ठरते.

लेथ_आणि_लॅप:
बरोबर, स्टेमचं टोक कॅमकडे येतं आणि क्लिअरन्स कमी होतो. पातळ शिम लागतील. सील मात्र सगळ्यात शेवटी. आधी बसवून मग रीमर चालवला तर सील गेलंच म्हणून समजा.